काळी खिडकी आणि भावकी

माणसाने आयुष्यात एखादेच वाक्य ठामपणे उच्चारावे, आणि तेही शक्यतो खोलीत दुसरे कोणी नसताना उच्चारावे, असे माझे आता मत झाले आहे. एरवी मी बोलत नाही. रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणण्याचे धैर्य गोळा होईपर्यंत ती जागा मागे पडते. मग मी पुढच्या चौकात उतरतो आणि जणू तिथेच काम होते अशा चेहऱ्याने मागे चालत येतो. असा मी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, सावेडीतल्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सुनीलकाकांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत म्हणून गेलो, “सामान्य माणसाला कमांड लाइनची गरजच पडत नाही.”

पुढे जे काही झाले ते या वाक्यामुळे झाले.

काकांच्या मोनिकाचे लग्न ठरले होते आणि पत्रिकेतल्या नावांची जुळणी घरच्या संगणकावर आपण स्वतः करायची, असे काकांनी ठरवले होते. आमच्याकडची लग्नपत्रिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की वधूवरांची नावे हा तिचा किरकोळ भाग असतो. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आशीर्वाद देणारे आणि आशीर्वादाला अनुमोदन देणारे. गावाकडचा माणूस ती वरून खाली वाचत नाही. तो आधी स्वतःचे नाव शोधतो, नंतर ज्याच्याशी आपले बोलणे नाही त्याचे नाव शोधतो, आणि दोन्हींमधले अंतर बोटाने मोजतो.

काकांच्या स्वतःच्या लग्नात भावकीतली एक पंगत अर्ध्यावर उठून गेली होती. कारण एवढेच की एका चुलत्याचे नाव दुसऱ्या रांगेत पडले होते. ज्ञानेश्वरीकाकूंच्या माहेरी तो किस्सा अजूनही जेवताना सांगतात. त्यामुळे काकांची इच्छा एकच होती. “मोनिकाच्या मांडवातून एकही माणूस न जेवता जाता कामा नये,” ते म्हणत.

संगणक मात्र थकला होता. तो सुरू करून काका अंघोळीला जात, पूजा उरकत, आणि चहा घेऊन बसत तेव्हा तो नुकता परवलीचा शब्द विचारू लागलेला असे. अलीकडे तर तो पडद्यावर, ‘माझे दिवस संपले आहेत, आता नवा घ्या’ अशा अर्थाच्या सूचना देऊ लागला होता. त्याचे ते वाक्य मला फार लागले. वय झाले म्हणून कोणाला असे स्वतःच्या तोंडून म्हणायला लावू नये. मी म्हणालो, यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकू या. तो पुन्हा तरुण होईल.

“ते काळ्या खिडकीवालं?” अमजद म्हणाला. “काका, नादी लागू नका. त्यात बटण नसतं. पंखा लावायचा तरी अर्ज टाइप करावा लागतो.”

अमजद समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि माझा बालमित्र आहे. दिवसा तो संगणक दुरुस्त करतो आणि तिथीला लग्नांत साउंड सिस्टिम लावतो. म्हणजे मी जे गप्प राहून करतो आणि मी जे गप्प राहून टाळतो, ती दोन्ही कामे तो मोठ्या आवाजात करतो.

तिसऱ्या मजल्यावरचे हनुमंतरावही बसलेले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा सल्ला सोसायटीतल्या पाण्यासारखा आहे: वेळेवर येत नाही, पण आला की थांबत नाही. त्यांनी विचारले, “केवढ्याला पडतं?”

“फुकट आहे,” मी म्हणालो.

“मग गोम आहे. आमच्या खात्यात फुकट एकच गोष्ट मिळायची. बदली.”

या दुहेरी माऱ्यामुळे माझ्यातला कोणीतरी अनोळखी माणूस जागा झाला आणि ते सुरुवातीचे वाक्य बोलून गेला. अमजदने ते अलगद उचलले.

“पैज,” तो म्हणाला. “अक्षता पडेपर्यंत काकांच्या या मशीनवर तू काळी खिडकी उघडायची नाहीस. उघडलीस, तर मांडवात मंगलाष्टक तू म्हणायचं. माइकवर. आवाज मी लावणार.”

काकूंनी टाळी वाजवली. आतून मोनिका ओरडली, “दादा, हो म्हण ना!” मी हो म्हणालो नाही, पण नाही म्हणायला जो वेळ लागतो तो मला नेहमीप्रमाणे पुरला नाही.

ती काळी खिडकी, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायची कमांड लाइन, मला आवडते, हे इथे नोंदवणे भाग आहे. ती उघडली की काळोखात एक छोटी खूण लुकलुकत राहते. ती घाई करत नाही. माणसांत माझे वाक्य पुरे होण्याआधी समोरच्याचे सुरू झालेले असते. ती मात्र शेवटचे अक्षर उमटेपर्यंत थांबते, आणि मी जेवढे विचारले तेवढेच सांगते. सांगण्यासारखे नसेल तर काहीच सांगत नाही. जगात माझ्याशी इतक्या सभ्यपणे कोणी वागलेले नाही. आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही असे मी चारचौघांत सांगून आलो होतो. एखाद्याने आपल्या जिवलग मैत्रिणीला ‘ही कोण, ओळखत नाही’ म्हणावे, तसे ते होते. त्या संध्याकाळी मी स्वतःचा संगणकही उघडला नाही.

लिनक्स एका दुपारी बसले. संगणक खरोखर तरुण झाला. काकांना अंघोळीला जाण्याइतकाही वेळ मिळेना आणि त्यांचे वेळापत्रक बिघडले. फक्त वायफाय दिसत नव्हते. काळ्या खिडकीत दोन ओळी लिहिल्या असत्या तर दिसले असते. मी त्याऐवजी सगळे मेनू उघडले, सगळ्या चौकोनांत खुणा केल्या, सगळ्या पुसल्या, आणि अखेरीस हनुमंतरावांच्या घरून त्यांच्या गॅलरीतून एक लांब वायर खाली सोडून ती काकांच्या खिडकीतून आत घेतली. या उपकाराच्या बदल्यात हनुमंतरावांना काकांच्या घरी केव्हाही येऊन संगणकाची प्रकृती विचारण्याचा हक्क मिळाला आणि तो त्यांनी मनसोक्त बजावला. चार दिवसांनी काकूंनी त्या वायरीकडे गृहिणीच्या नजरेने पाहिले आणि तिच्यावर ओली गोधडी वाळत टाकली. वर हनुमंतरावांचा राउटर टेबलावरून निघाला आणि थेट गॅलरीच्या कठड्यापर्यंत आला.

“मी म्हटलंच होतं, गोम आहे,” खाली धावत येऊन ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत समाधान होते.

त्यानंतर प्रिंटर. नव्या व्यवस्थेत एकच प्रिंटर यादीत दोनदा दिसू लागला; त्यातला एक जिवंत होता आणि दुसरा त्याचे भूत. काका दर वेळी श्रद्धेने भुतालाच हुकूम देत आणि कागद निघत नाही म्हणून चाचणीचे पान पुन्हा मागत. देण्याघेण्याचे काय ते बोलायचे म्हणून व्याहीमंडळी चहाला आली, त्या दिवशी मी मेनूंतून शोधत शोधत ते भूत पुसले. मागे साठलेले सगळे हुकूम एकदम जिवंत प्रिंटरच्या गळ्यात पडले. दिवाणखान्यात हुंड्याचे नावही न घेता मानपानाचे सगळे काही बोलले जात असताना आतल्या खोलीतून यंत्राचा घरघराट सुरू झाला आणि दारातून एकामागून एक रंगीत वर्तुळांची पाने घसरत बाहेर येऊ लागली. वराच्या आत्याने एक पान उचलले, लांब धरून पाहिले आणि म्हणाली, “डिझाईन छान आहे हो. पण गणपती कुठंय?”

काका म्हणाले, “गणपती नंतर येणार आहे.” एवढे प्रसंगावधान मला सात जन्मांत दाखवता आले नसते.

या सगळ्यांत मी खिडकी उघडली नव्हती. माझा अभिमान शाबूत होता. थोडा वाकलेला, पण शाबूत. खरे संकट छापखान्यातून आले.

शहरातल्या त्या छापखान्याच्या व्यवस्थापकांचे नियम एखाद्या कचेरीला शोभतील असे होते. नावे एका ओळीत एक. ‘माननीय’, ‘ह.भ.प.’, ‘चेअरमन साहेब’ अशा उपाध्या चालणार नाहीत. वर एकदाच ‘सर्वश्री’ छापले जाईल आणि ते सगळ्यांना लागू समजावे. एकही नाव दोनदा नको. कच्च्या प्रतीवर वधूपित्याची सही. आणि तिथी दाट असल्यामुळे, मजकूर उद्या दुपारपर्यंत आला नाही तर पत्रिका लग्नानंतर मिळेल.

इकडे काकांच्या फाइलमध्ये नावांचा महापूर होता. काकांनी स्वतः मानाप्रमाणे क्रम लावून टंकलेली नावे, काकूंच्या माहेरून फोनवर आलेली, कोल्हारच्या भावकीने पाठवलेली, आणि प्रत्येकाने ‘राहून जायला नको’ म्हणून पुन्हा पाठवलेली. ती सगळी वर्तमानपत्रातल्या लेखासारखी सलग होती आणि कित्येक माणसे तीन-तीन ठिकाणी हजर होती. दुपारी काका मोठ्याने वाचू लागले आणि काकू खुणा करू लागल्या.

“बन्सी दगडू बोरुडे.”

“हे झालेत.”

“कुठं झालेत?”

“मघाशी. तुम्हीच वाचलंत.”

“ते बन्सी नामदेव होते.”

“अहो, नामदेव तर वारले.”

“बन्सी वारले की नामदेव?”

काकूंनी एका नावावर खूण केली आणि लगेच ती खोडली. मग काका म्हणाले, “मला आता हा बन्सीच आवडेनासा झालाय.” पेन खाली ठेवून त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. बोटांच्या फटीतून ते पुटपुटले, “एक नाव जरी राहिलं ना ओंकार, तरी मांडवातून पंगत उठेल. पुन्हा.”

काकू चहा ठेवायला आत गेल्या. काका मान टाकून तसेच बसले होते. मी खुर्ची हळूच ओढली आणि खिडकी उघडली.

खूण लुकलुकत होती, रागावलेली नव्हती. मी सलग मजकुराच्या ओळी केल्या, नावांपुढच्या उपाध्या काढल्या, आणि मग दुबार नावे काढण्याची आज्ञा दिली. या आज्ञेची एक रीत आहे. एकसारखी नावे ओळखायची तर ती आधी शेजारीशेजारी आणून बसवावी लागतात. म्हणून यंत्र सगळी नावे अकारविल्हे लावते, एकसारखी जवळजवळ येतात, आणि मग त्यांतले एक ठेवून बाकीची गळतात. पापणी लवण्याआधी काम झाले. काकूंचा चहा यायच्या आत फाइल छापखान्याकडे निघालीसुद्धा. काकांनी डोळ्यांवरचा हात काढला तेव्हा मी मेनूत काहीतरी शोधत असल्याचा अभिनय करत होतो.

“झालं?” त्यांनी विचारले.

“झालं,” मी म्हणालो. मनाला इतके हलके फार दिवसांत वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कच्ची प्रत घेऊन अमजद छापखान्यातून आला. त्याने ती काकांच्या हातात दिली नाही, माझ्यासमोर धरली.

“पहिलं नाव वाच.”

बोरुडे घराण्याच्या पत्रिकेवर, ‘सर्वश्री’च्या खाली, सर्वांच्या शिरोभागी छापले होते: अमजद गनीभाई शेख.

“हे माणसानं लावलेलं नाही,” तो शांतपणे म्हणाला. “माणूस मला पहिल्या नंबरला ठेवणारच नाही. उघडलीस ना खिडकी?”

मी मान खाली घातली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “माइक वायरलेस देतो. पळायला सोपं.”

काकांनी प्रत पाहिली आणि ते खुर्चीत बसले नाहीत, खुर्ची त्यांच्याखाली आली. कित्येक दिवस फोन करून, खालीवर करून लावलेला त्यांचा क्रम नाहीसा झाला होता. थोरले मामा नात्यातल्या पोरासोरांच्या मध्ये उभे होते, सोसायटीचे चेअरमन साहेब त्यांच्या ड्रायव्हरच्या खाली होते, आणि सर्वांत तळाशी, पत्रिकेच्या अगदी काठावर, हनुमंतराव होते.

“मी शेवटी?” हनुमंतराव म्हणाले. “वायर कोणाची?”

काकूंनी प्रत हातात घेतली. त्यांनी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. त्या म्हणाल्या, “अहो, हजेरीपट आहे हा. माझ्या वर्गात आमदाराचा मुलगाही ‘ह’ असला तर शेवटीच उठायचा, कोणाची तक्रार नव्हती. खाली एक ओळ टाका: नावे अकारविल्हे दिली आहेत. बघू कोण रुसतं ते. रुसायचं तर स्वतःच्या बारशावर रुसावं लागेल.”

काकांनी प्रत काकूंच्या हातातून घेतली. मग त्यांनी एकेक महत्त्वाचे नाव शोधले, सापडले की खूण केली, आणि सही केली. हनुमंतरावांनाही काकूंनी समजावले की समारोपाचा मान अध्यक्षांचा असतो. ते ताठ मानेने जिना चढून गेले.

पहिली पत्रिका कोल्हारच्या भगवतीपुढे ठेवायची, दुसरी भावकीत द्यायची, ही आमची रीत. रविवारी काका, मी आणि गाडी चालवायला अमजद असे निघालो. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि काका फावल्या वेळात पत्रिका मोठ्याने, चवीने वाचत होते. ‘भ’ पाशी आले आणि थांबले. पुन्हा वाचले. मग त्यांचा आवाज बदलला.

“भिमाजी रामहरी बोरुडे. ओंकार, दुसरा कुठाय?”

“दुसरा कोण?”

“दुसरा भिमाजी रामहरी बोरुडे!”

मी सावेडीत वाढलेला मुलगा. एकाच गावात, एकाच भावकीत, तेच नाव, तेच बापाचे नाव, तेच आडनाव असलेली दोन माणसे नांदू शकतात, हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे पणजोबाचे नाव पणतवाला ठेवतात. दोन घरांचे पणजोबा एकच असले की दोन्ही घरांत तीच नावे त्याच क्रमाने उगवतात. गाव त्यांना मळ्यातले भिमाजीतात्या आणि वेशीतले भिमाजीअण्णा म्हणते. पोळ्याला वेशीतून आधी कोणाचा बैल निघायचा यावरून त्यांचे बोलणे बंद झाले होते. ते बैलही आता राहिले नाहीत, पण अबोला सुदृढ होता. काकांनी त्या दोघांना एकाच ओळीत, एकाला डावीकडे आणि एकाला उजवीकडे, कोणी वर नाही की खाली नाही, असे बसवायचे ठरवले होते. तो त्यांच्या क्रमाचा कळस होता. आणि यंत्राने दोघांना शेजारी आणून त्यांतला एक गाळला होता. काकांनीही प्रतीवर ते नाव शोधले, सापडले, आणि खूण केली होती.

“गाडी वळव,” काका म्हणाले.

“काका, पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर,” अमजद म्हणाला. “वळवून कुठं जाता? सगळ्या पत्रिका छापून झाल्यात.”

देवीपुढे काका इतका वेळ हात जोडून उभे राहिले की पुजाऱ्याने दोनदा नारळ पुढे केला. मी बाहेर प्रवरेच्या पाण्याकडे पाहत होतो. पाण्यात एकसारख्या लाटा येत होत्या आणि नदी त्यांतली एकही गाळत नव्हती.

मळ्यात तात्या खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी मनकर्णाकाकींनी चहा आणला. तात्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला घेतले. स्वतःचे नाव सापडले तेव्हा बोट क्षणभर विसावले. मग ते पुन्हा निघाले. खाली हनुमंतरावांपर्यंत गेले, वर अमजदपर्यंत आले, पत्रिका उलटी करून मागचा गणपतीही तपासून आले. तात्यांनी चष्मा काढला.

“सुनील.”

“हां, तात्या.”

“ह्यात त्यो न्हाई.”

काकांचे ओठ हलले; आवाज आला नाही. मला त्यांच्याविषयी इतकी जवळीक कधीच वाटली नव्हती.

“मला वाटायचं तू भिडस्त हायेस,” तात्या म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा उजळत चालला होता. “न्हाई. तुज्यात दम हाय. आजवर एकानं बी त्याला वगळायचं धाडस केलं न्हाई.”

“तात्या, तसं नाही, ते यंत्रानं—”

“यंत्राला बी कळतंय मग. तू बोलू नगंस. मी कुनाला सांगायचो न्हाई.” त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पर एक ऐक. त्याला तोंडी सांगून ये. नाव न्हाई म्हनून बिचारा घरी बसंल. लेकीच्या लग्नाला भावकी पुरी पायजे. आन् मी म्हनलो असं सांगू नगंस.”

अमजद गोठ्यातल्या म्हशीकडे अत्यंत बारकाईने पाहू लागला.

वेशीत अण्णांच्या ओसरीवर काकांनी पत्रिका पुढे केली. अण्णांचे वाचन जलद होते. ते नावावर पोचले, थांबले, आजूबाजूला पाहिले आणि गडगडाटी हसले.

“मळ्यातल्याला गाळलंस व्हय रं? लई वर्सांनी गावात न्याय झाला!” मग हसू हळूहळू ओसरले. त्यांनी पत्रिका घडी करून मांडीवर ठेवली. “त्याला लागंल पर. मानसाचं नाव न्हाई म्हंजे... तू आसं कर, त्याला आन. मी मांडवात माज्या शेजारी बसवून घेतो. माज्या नावावर बसंल त्यो.”

परतताना राहुरी मागे पडली. मग काका म्हणाले, “दोघांनी एकमेकांना पत्रिका दाखवल्या तर?”

“मग मंगलाष्टकाआधी दुसरंच काहीतरी होईल,” अमजद म्हणाला.

लग्नाच्या दिवशी माझ्यावर दोन जबाबदाऱ्या होत्या. मांडवात इकडेतिकडे पडलेल्या पत्रिका गोळा करून लपवणे, ही काकांनी दिलेली. दुसरी अमजदने माझ्या हातात ठेवली. ती थंडगार होती आणि तिच्या टोकाला लाल दिवा होता.

तात्या आणि अण्णा वेगवेगळ्या दारांनी आले. समोरासमोर आल्यावर दोघेही थबकले. मी खांबामागून पाहत होतो. त्या क्षणी दोन्ही चेहऱ्यांवर, आरशात उमटावा तसा, तोच भाव उमटला: करुणा. नाव नसूनही हा आला, केवढ्या मनाचा! तात्यांनी हात पुढे केला. अण्णांनी तो धरला.

“ये, बस.”

“तू बस आदी.”

“न्हाई, तू.”

पोळ्याला ज्यांनी एकमेकांना वाट दिली नव्हती ते आता खुर्चीसाठी एकमेकांना पुढे ढकलत होते. अखेर दोघे एकदमच बसले. पहिल्या रांगेत, शेजारीशेजारी.

आणि मग अंतरपाट धरला गेला आणि अमजदने मला स्टेजवर ढकलले. आठवडाभर शब्द जुळवून लिहिलेले कडवे माझ्या खिशात होते, पण हात तिथवर पोचेना. मी पाठच म्हणू लागलो. माझा आवाज इतका बारीक निघाला की आवाज वाढवूनही तो मांडवाच्या मध्यापर्यंत पोचला नसावा. माणसे ऐकू येत नाही म्हणून गप्प झाली. मग गप्प झालेल्यांमुळे बाकीची गप्प झाली. आमच्या जिल्ह्यातल्या मांडवात अशी शांतता मी ऐकलेली नाही. आणि त्या शांततेत माझे पहिल्यांदाच एक वाक्य, मग दुसरे, कोणी मध्ये न तोडता पुरे झाले. सगळा मांडव त्या लुकलुकणाऱ्या खुणेसारखा थांबला होता.

तेवढ्यात मला दिसले की तात्यांचा हात कोटाच्या खिशाकडे चालला आहे. खिशातून पत्रिकेचा लाल कोपरा डोकावत होता. ‘सावधान’ हा शब्द त्या दिवशी माझ्याइतक्या मनापासून कोणी म्हटला नसेल. हात कोपऱ्यापाशी पोचला. त्याने कोपरा चिमटीत धरला आणि, शेजारच्याला दिसू नये अशा बेताने, तो खिशात खोल दाबून टाकला. पलीकडे अण्णांची पत्रिका तर केव्हाच दिसेनाशी झाली होती; पुढे कळले की ती त्यांनी टोपीच्या घडीत दडवली होती, तात्यांना वाईट वाटू नये म्हणून.

अक्षता पडल्या. अंतरपाट सरला तशी मोनिकाने नवऱ्याकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि भुवया उडवल्या.

पंगतीत मी बुंदी वाढायला घेतली. तात्यांनी मला खाली वाकायला लावले आणि कानात म्हणाले, “त्याला आग्रहानं वाढ. बिचाऱ्याचं नाव न्हाई.” मी दोन पावले सरकलो तर अण्णांनी माझी बाही धरली. “मळ्यातल्याला जरा जास्त वाढ रं. जिवाला लावून घेतलं आसंल त्यानं.” मी दोघांच्या पानांत बुंदीचे डोंगर रचले. दोघेही एकमेकांसाठी ते संपवत होते.

एकही पंगत उठली नाही. काका मांडवाच्या टोकाला उभे राहून जेवणाऱ्यांच्या पाठी पाहत होते. काकूंनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला तरी तो त्यांनी ओठाला लावला नाही, नुसता धरून ठेवला.

निघताना तात्यांनी मला बाजूला घेतले. वैशाखात त्यांच्या नातवाचे लग्न आहे. “पत्रिका त्याच यंत्रावर करायची बरं का. त्याला मानसं कळत्यात.” अण्णांनी वेगळे बाजूला घेऊन अगदी तेच सांगितले, फक्त त्यांच्याकडे नातीचे होते.

संध्याकाळी अमजद वायरी गुंडाळत होता. मी त्याच्या शेजारी रिकाम्या स्टेजवर पाय सोडून बसलो होतो. मांडवाच्या दाराशी, निघण्याची घाई नसल्यासारखे, दोन भिमाजी रामहरी बोरुडे एका चंचीतून पान लावत होते.

“मग?” अमजद म्हणाला. “सामान्य माणसाला कमांड लाइन लागते की नाही?”

मी विचार केला. त्याने मध्ये न बोलता वाट पाहिली.

“सामान्य माणसाला नाही लागत,” मी म्हणालो. “भावकीला लागते.”